असे समजते

सिडनी फाल्को भर थंडीत ओव्हरकोट न घालता बाहेर पडतो. त्याचं ऑफिस हेच त्याचं घर. दारावर नावाचा कागद चिकटवलेला, आणि आतल्या खोलीत पलंग. ऑफिसातली मुलगी म्हणते, कोट घेऊन जा. तो घेत नाही. न्यूयॉर्कच्या क्लबांत शिरताना कोट दारापाशी काढून द्यावा लागतो आणि निघताना तो परत घ्यायचा तर देणाऱ्या मुलीच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं. सिडनीला एका रात्रीत असे कितीतरी उंबरठे ओलांडायचे आहेत. तेवढे पैसे त्याच्याकडे नाहीत, किंवा असले तरी त्यासाठी नाहीत. म्हणून तो कुडकुडत, जवळजवळ धावतच, एका उजेडातून दुसऱ्या उजेडात जात राहतो.

‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’ हा १९५७ सालचा कृष्णधवल चित्रपट मी आजवर किती वेळा पाहिला याचा हिशेब राहिलेला नाही. दर वेळी सुरुवातीला मला त्या बिनकोटाच्या माणसाबद्दल माया वाटते. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही वाटते. टोनी कर्टिसचा चेहरा इतका देखणा आहे आणि त्या देखणेपणात इतकी भूक आहे की, ह्याला एकदा तरी आत बसू द्या, गरम काहीतरी प्यायला द्या, असं मनात येतं. मग मध्यरात्र उलटल्यावर हाच माणूस दुसऱ्याच्या खुंटीवरच्या ओव्हरकोटाशी जातो आणि त्याच्या खिशात गांजाच्या सिगारेटी सरकवतो. तो कोट एका गिटारवादकाचा असतो. गिटारवादक तेव्हा पलीकडे वाजवत असतो.

ह्या चित्रपटाला फिल्म न्वार म्हणतात. न्वार म्हणजे काळं. त्या जातीच्या चित्रपटांत खून असतो, पिस्तूल असतं, ओला रस्ता आणि टोपीखाली झाकलेला चेहरा असतो. इथे एकही गोळी सुटत नाही. चित्रपट सुरू होतो तो वर्तमानपत्राच्या छापखान्याच्या दारात. रात्रीची आवृत्ती ट्रकांमध्ये भरली जाते आहे, ट्रकच्या अंगावर चष्म्याआडचे दोन प्रचंड डोळे रंगवलेले आहेत, आणि एल्मर बर्नस्टीनच्या संगीतातली पितळी वाद्यं अंगावर चालून येतात. ते डोळे जे. जे. हन्सेकरचे. हा स्तंभलेखक आहे. सहा कोटी माणसं त्याचा मजकूर वाचतात. कोण कोणाबरोबर जेवलं, कोण उठलं, कोण संपलं, हे तो ठरवतो. ‘ट्वेंटी वन’ नावाच्या क्लबात त्याचं टेबल ठरलेलं. सिडनी मागून येऊन उभा राहतो तेव्हा हन्सेकर मान वळवून पाहतसुद्धा नाही. नुसती सिगारेट धरतो आणि काडी ओढायला सिडनीला सांगतो.

प्रत्यक्षातला हन्सेकर म्हणजे वॉल्टर विंचेल, हे तेव्हा अमेरिकेत सगळ्यांना कळत होतं. ह्या कथेचा मूळ लेखक अर्नेस्ट लेहमन तरुणपणी सिडनीसारख्याच एका प्रसिद्धी-दलालाकडे कामाला होता. क्लबांची, नटांची, नाटकांची नावं स्तंभांत छापून आणणं हा त्याचा धंदा. लेहमनने आतून पाहिलेलं लिहिलं.

हन्सेकरची एक धाकटी बहीण आहे, सूझी. ती स्टीव्ह डॅलसच्या प्रेमात आहे, आणि स्टीव्ह ‘इलिझियन रूम’ नावाच्या क्लबात पाच जणांच्या जॅझ वाद्यवृंदात गिटार वाजवतो. भावाला हे नको आहे. पण त्याने स्वतःच्या स्तंभात काही छापलं तर बहिणीला कळेल. म्हणून काम सिडनीकडे, आणि सिडनीकडून दुसऱ्याच एका स्तंभलेखकाकडे. त्याला राजी करण्यासाठी सिडनी क्लबात सिगारेटी विकणाऱ्या, आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या एका मुलीला त्याच्या पुढ्यात टाकतो. त्या प्रसंगाबद्दल मी अधिक लिहीत नाही. तो पाहताना मी अजूनही नजर खाली करतो. दुसऱ्या दिवशी मजकूर छापून येतो. एका जॅझ वाद्यवृंदाचा तरुण प्रमुख गांजा ओढतो आणि कम्युनिस्टही आहे. नाव छापलेलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला नाव माहीत झालेलं असतं, आणि त्या पाच जणांचं काम सुटलेलं असतं.

नाव नाही. इथेच मी अडकतो.

मराठी वर्तमानपत्राच्या भाषेत ह्या कामासाठी एक क्रियापद आहे. ‘समजते.’ अमुक मंत्री नाराज आहेत, असे समजते. अमुक नटीने घर सोडले, असे कळते. चर्चा आहे. बोलले जाते. शाळेत व्याकरण शिकवताना बाई विचारायच्या, वाक्यातला कर्ता शोधा. ह्या वाक्यांत तो सापडत नाही. कोणाला समजते? कोण बोलते? धूर दिसतो, चूल दिसत नाही. मी उपसंपादक म्हणून कामाला लागलो तेव्हा हे क्रियापद मला कोणी शिकवलं नाही. हात धुऊन पुसावेत इतक्या सहज ते अंगवळणी पडलं.

१९८७ च्या सुमाराची गोष्ट. मी एका दैनिकात रात्रपाळीला होतो. मुंबईत तेव्हा गर्दचं थैमान होतं. रेल्वेपुलांच्या खाली, सार्वजनिक संडासांच्या मागे मुलं सिगारेटच्या चांदीवर ती तपकिरी पूड तापवून ओढायची आणि घराघरांत तिची भीती होती. वाद्यवृंदांचे कार्यक्रम ठरवून देणारा एक मध्यस्थ ऑफिसखालच्या टपरीवर चहाला यायचा. एका रात्री तो सहज म्हणाला, अमक्या हॉटेलातला तो सॅक्सोफोनवाला म्हातारा पाहिलात का, काय वाळलाय, गर्द घेतो म्हणे. मी वर आलो. करमणुकीचं पान लागत होतं. ब्रोमाइड चिकटवणाऱ्याने सांगितलं, शेवटच्या कॉलमाच्या तळाला तीन ओळी कमी पडतायत. मी तीन ओळी लिहून दिल्या. उपनगरातल्या एका हॉटेलात वर्षानुवर्षं सॅक्सोफोन वाजवणारे एक बुजुर्ग कलावंत हल्ली सुरांपेक्षा गर्दच्या धुरात अधिक रमतात, असे समजते. लिहिताना ‘सुरांपेक्षा’ आणि ‘धुरात’ ह्यांची जुळणी मला आवडली होती. ते मला आठवतं. ते आठवत नसतं तर बरं झालं असतं.

दहा-बारा दिवसांनी तो माणूस ऑफिसात आला. गोव्याचा, साठीच्या पुढचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत चकचकीत काळे बूट. खिशातून पाकीट आणि पाकिटातून चार घड्या घातलेलं कात्रण काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवलं. त्याला छापील मराठी नीट वाचता येत नव्हतं. शेजारच्या कोणीतरी वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं, “अंकल, यात तुमचं नाव नाही.” तो म्हणाला, “नाव असतं तर मी भांडलो असतो. आता कोणाशी भांडू?” मग त्याने त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. हा शब्द कोणता, हे त्याने आधी विचारून घेतलेलं असावं.

“कोणाक समजता, सायबा?”

मला उत्तर देता आलं नाही. तो थोडा वेळ बसला, पाणी प्याला, आणि गेला. हॉटेलने त्याच्या जागी कीबोर्ड वाजवणारा एक मुलगा ठेवला होता. सॅक्सोफोनवाला क्षयाची औषधं घेत होता आणि म्हणून वाळला होता, हे मला पुढे केव्हातरी दुसऱ्याच कोणाकडून कळलं. कात्रण तो विसरून गेला की मुद्दाम ठेवून गेला, मला आजही सांगता येत नाही. ते माझ्याकडे आहे.

मुंबईच्या जॅझमध्ये अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या होती. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली, रात्री हॉटेलात नाचाची धून आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी वाजवणारी. हळदोण्याचा अँतोनियो झेव्हियर वाझ, ज्याला मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखायची, ताजमध्ये ट्रम्पेट फुंकायचा आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांमध्येही. ‘अलबेला’च्या पडद्यावर तो आपल्या ताफ्यासह दिसतो. त्या मोठ्या नावांच्या मागे शेकडो वादक होते. त्यांची नावं कुठेच छापून आली नाहीत. माझ्या तीन ओळींतही आलं नाही.

‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’ मी पहिल्यांदा पाहिला तो त्या तीन ओळींनंतर बऱ्याच वर्षांनी, घरी, रात्री, एकटा. अंकल समोर येऊन बसल्यासारखे वाटले.

गांजाची नुसती अफवा स्टीव्हसारख्या वादकाला रस्त्यावर कशी आणते, असा प्रश्न आज पडू शकतो. १९५७ च्या न्यूयॉर्कमध्ये तो कोणाला पडला नसता. १९४० पासून त्या शहरात जिथे दारू मिळते अशा कुठल्याही क्लबात गायचं-वाजवायचं तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड काढावं लागे. बोटांचे ठसे द्यावे लागत. अमली पदार्थांच्या प्रकरणात नाव आलं की कार्ड जायचं आणि कार्ड गेलं की शहरातला प्रत्येक क्लब बंद. १९४७ मध्ये बिली हॉलिडेला शिक्षा झाली. पुढच्या वर्षी सुटून आली तेव्हा कार्नेगी हॉलमध्ये तिला ऐकायला खच्चून गर्दी झाली. पण कोपऱ्यावरच्या छोट्या क्लबात, जिथे ती घडली, जिथे श्रोत्याचा श्वास ऐकू येतो, तिथे तिला गाता येईना. १९५९ मध्ये ती गेली, तोवर कार्ड तिला परत मिळालं नव्हतं. थेलोनियस मंकचं कार्ड १९५१ मध्ये गेलं. अंगात सगळं बहरात असतानाची वर्षं त्याने घरच्या पियानोपाशी काढली. ते परत मिळालं १९५७ मध्ये, आणि त्या उन्हाळ्यात ‘फाइव्ह स्पॉट’ नावाच्या साध्याशा जागेत तो जॉन कोल्ट्रेनला घेऊन वाजवू लागला. हा चित्रपट नेमका त्याच उन्हाळ्यात झळकला. ज्या आठवड्यांत लोक मंकला ऐकायला रांगा लावत होते, त्याच आठवड्यांत काही मैलांवर पडद्यावर एक माणूस दुसऱ्याच्या कोटाच्या खिशात हात घालत होता. कार्डांची ही पद्धत १९६७ पर्यंत चालली.

म्हणून तो खिसा इतका भयंकर आहे. त्यात सिगारेटी पडतात तेव्हा एका वादकाची बोटं पडतात. पुढे पोलीस अधिकारी हॅरी केलो त्याला गाठतो. मार आपल्याला दिसत नाही, पण स्टीव्ह इस्पितळात पोचल्याचं कळतं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

ज्याने ह्या चित्रपटाला त्याची जीभ दिली तो क्लिफर्ड ओडेट्स. लेहमन आजारी पडून बाजूला झाला आणि पटकथा ओडेट्सकडे आली. चित्रीकरण सुरू झालं तरी तो लिहीतच होता. न्यूयॉर्कच्या गोठवणाऱ्या रात्री, टाइम्स स्क्वेअरच्या कडेला उभ्या सामानाच्या ट्रकमध्ये बसून तो टाइप करायचा आणि ओले कागद थेट नटांच्या हाती जायचे. ह्या ओडेट्सचा एक भूतकाळ होता. जे. एडवर्ड ब्रोमबर्ग हा नट त्याचा जुना सोबती. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौकशी समितीने त्याला छळलं, आणि १९५१ च्या अखेरीला तो गेला. त्याच्या श्रद्धांजलीच्या सभेत ओडेट्स बोलला. काही महिन्यांनी, १९५२ मध्ये, त्याच समितीपुढे ओडेट्सला बसवलं गेलं तेव्हा त्याने नावं सांगितली, आणि त्यांत मेलेल्या ब्रोमबर्गचंही नाव होतं.

मी ओडेट्सचा निवाडा करू शकत नाही. पण चार-पाच वर्षांनी ट्रकमध्ये बसून, दात वाजत असताना, एका निरपराध वादकावर कम्युनिस्टपणाचा शिक्का मारणारी ती ओळ त्याने टाइप केली असेल तेव्हा त्याचे हात कसे चालले असतील, ह्याचा विचार मी पुष्कळदा करतो. सिडनीची भाषा त्याने सुरीसारखी धारदार लिहिली. तिची मूठ त्याला माहीत होती. स्टीव्हची वाक्यं मात्र सरळ, थोडी भाबडी, पुस्तकी. पुष्कळ समीक्षकांना तो तरुण बेचव वाटतो. मला तसं वाटत नाही. ज्याचं बोलणं गिटारीतून होतं त्याला टेबलावरची चलाखी कशाला हवी? हन्सेकरपुढे उभा राहून तो काय वाटतं ते तोंडावर सांगतो. त्या सबंध चित्रपटात ‘मी’ म्हणून, स्वतःच्या नावाने बोलणारा तोच एक, आणि त्याबद्दल त्याला चिरडलं जातं.

कॅमेरा जेम्स वाँग होचा. १८९९ मध्ये चीनमध्ये जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला. कायद्याने चिनी माणसाला नागरिकत्व बंद होतं. त्याची पत्नी गोरी, आणि त्यांचं लग्न कॅलिफोर्नियात १९४८ पर्यंत कायदेशीर मानलं जात नव्हतं. ह्या माणसाने रात्रीला जो उजेड दिला तो विसरता येत नाही. क्लबाच्या भिंतींना त्याने तेल फासून घेतलं, म्हणजे त्या चकाकाव्यात. बर्ट लँकेस्टरच्या डोक्यावरून असा दिवा सोडला की चष्म्याच्या जाड काड्यांची सावली गालांवर पडून हन्सेकरचा चेहरा कवटीसारखा दिसावा. त्या चष्म्याच्या काचांना व्हॅसलीनचा पातळ हात दिला होता, असं सांगतात. असं सांगतात, हेही मी आता जपून लिहितो. खरं असेल तर लँकेस्टरला समोरचा माणूस नीट दिसतच नव्हता, आणि पडद्यावरची ती थिजलेली, कोणावरही न टेकणारी नजर तिथून आली. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक ग्लासगोत वाढलेला, लंडनच्या ईलिंग स्टुडिओत हलकेफुलके चित्रपट करून आलेला. न्यूयॉर्ककडे तो परक्याच्या डोळ्यांनी पाहतो, म्हणून त्याला प्रत्येक पाटी, प्रत्येक गाडी, फुटपाथवरची वाफसुद्धा दिसते.

आणि ह्या सगळ्या चकाकीच्या मधोमध ते पाच जण वाजवतात. नटांच्या हाती वाद्यं देऊन उभं केलेलं नाही. तो चिको हॅमिल्टनचा खराखुरा वाद्यवृंद आहे. हॅमिल्टन ड्रमवर, कार्सन स्मिथ बासवर, पॉल हॉर्न बासरी आणि सॅक्सोफोनवर, फ्रेड कॅट्झ चेलोवर. गिटार धरून बसलेला मार्टिन मिल्नर तेवढा नट; त्याच्या बोटांमागचे सूर जॉन पिसानोचे. जॅझमध्ये चेलो कुठून आला, ह्याची एक गोड हकिकत आहे. कॅट्झ मुळात ह्या मंडळींबरोबर पियानो वाजवायचा. दोन बैठकींच्या मधल्या सुट्टीत तो मंचाच्या पुढच्या कडेला बसून एकटाच चेलो वाजवत बसे. एकदा वाजवताना डोळे मिटलेले, सुट्टी संपली, बाकीचे येऊन आपापल्या जागी बसले. मंच इतका लहान की कॅट्झला मागे पियानोपर्यंत जायला वाटच उरली नाही. तो होता तिथेच चेलो वाजवत राहिला. त्या अडचणीतून हा ध्वनी जन्माला आला.

ड्रम वाजवतानाही हॅमिल्टन कोणावर धावून जात नाही. ब्रश ड्रमवर असे फिरतात, जसा चिपळूणच्या कौलांवर मृगाचा पहिला पाऊस. चेलो खाली जमिनीशी बोलतो, वर बासरी. एक जण वाजवतो तेव्हा उरलेले चौघे त्याच्याकडे पाहतात, त्याचं ऐकतात, मग उत्तर देतात. त्याच खोलीत टेबलाटेबलांवर माणसं एकमेकांच्या कानाशी लागलेली आहेत. मी आता चित्रपट पाहताना त्या कुजबुजीकडे पाठ करून मंचाकडे पाहतो. प्रत्येक सुराच्या टोकाला तिथे एक माणूस आहे, घामेजलेला, दिसणारा. कोण वाजवतं, असं विचारावं लागत नाही.

त्यातला बासरीवाला, पॉल हॉर्न, पुढे हिंदुस्थानात आला. १९६८ मध्ये त्याने आग्र्याला ताजमहालाच्या घुमटाखाली रात्री एकट्याने बासरी वाजवली आणि ध्वनिमुद्रित केली. एक सूर सोडायचा, तो वर जातो, फिरतो, परत येतो. तो येईस्तोवर थांबायचं आणि मग पुढचा. पहाऱ्यावरच्या माणसाने मध्येच आवाज लावला, तोही त्यात आहे. ते मुद्रण मी अनेकदा ऐकतो. अंकलचा सॅक्सोफोन मात्र मी एकदाही ऐकला नव्हता. ज्याच्याबद्दल सुरांपेक्षा धुरात असं लिहिलं, त्याचा एकही सूर माझ्या कानावर पडलेला नव्हता. त्याच्या हॉटेलासमोरून मी रोज बसने जायचो.

चित्रपटाच्या शेवटी सूझी भावाचं घर सोडून पहाटेच्या रस्त्यावर येते आणि रात्रभरात पहिल्यांदा ऊन दिसतं. हन्सेकर वरून पाहत राहतो. सिडनीला केलोने गाठलेलं असतं. तेव्हाही त्याच्या अंगावर ओव्हरकोट नसतो.

गेल्या आठवड्यात हा शेवट पुन्हा पाहिला आणि उठून कपाटातून ते कात्रण काढलं. चार घड्यांच्या रेघा आता जवळजवळ फाटल्यात. तीन ओळी, खाली रिकामी किनार. मी पेन घेतलं आणि ‘असे समजते’च्या खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. कागद जुना, पिवळा, शाई पसरली. तरी वाचता येतं.